बाकी सगळं नॉर्मल

ज्या दुखण्याला कागदावर पुरावा नाही, ते घेऊन घरात वावरणं अवघड. रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, दुर्बीण आत जाऊन आली तीही काही न बोलता. डॉक्टर म्हणतात, "बाकी सगळं नॉर्मल आहे, आयबीएस दिसतंय, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, चिडखोर आतडं." घरचे त्यातला फक्त पहिला अर्धा भाग ऐकतात. त्यानंतर पोटात कळ आली की ते आपलं वैयक्तिक मत समजलं जातं.

खरं तर हा किताब सहजासहजी मिळत नाही. त्याला 'रोम' नावाचे निकष आहेत, २०१६ साली त्यांची चौथी आवृत्ती निघाली. गेले ३ महिने सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखायला हवं. शिवाय दुखण्याचा संबंध शौचाला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं याच्याशी किंवा जे बाहेर पडतं त्याच्या रूपाशी, यांतल्या किमान दोन गोष्टींशी लागायला हवा. आणि त्रासाची सुरुवात ६ महिन्यांपूर्वीची हवी. म्हणजे इथे अर्ज करायलासुद्धा पूर्वानुभव लागतो. मात्र शौचातून रक्त, आपोआप उतरणारं वजन, रक्तक्षय, ताप, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास किंवा घरात कुणाला आतड्याचा कर्करोग, यांतलं काही असेल तर आयबीएसवरचे लेख वाचत बसू नये, हासुद्धा नाही. सरळ डॉक्टरांकडे जावं.

'रूपा'साठी तक्ता आहे, ब्रिस्टलचा, १९९७ सालचा. १ म्हणजे सुट्या कडक लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी, ४ म्हणजे मऊ, सलग आणि सज्जन. सातपैकी चार मिळाले की पहिला नंबर आल्याचा आनंद होतो, अशी माझ्या माहितीतली ही एकच परीक्षा. डॉक्टरांना "पोट बरोबर नाही" सांगण्यापेक्षा "आठवड्यात चार वेळा ६, दोन वेळा १" असं सांगावं. औषध त्यावरूनच ठरतं, कारण जुलाबवाल्याचा आयबीएस वेगळा, बद्धकोष्ठवाल्याचा वेगळा, आणि दोन्ही आलटूनपालटून भोगणाऱ्यांचा तिसरा.

आता खाणं. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने लो-फॉडमॅप नावाचा आहार पुढे आणला. फॉडमॅप म्हणजे काही छोट्या साखळीची कर्बोदकं: गहू, कांदा आणि लसणातले फ्रुक्टान, कडधान्यांतली गॅलॅक्टो जातीची साखर, दुधातलं लॅक्टोज, मध आणि सफरचंदातलं जास्तीचं फ्रुक्टोज, अळंबीतलं मॅनिटॉल, बिनसाखरेच्या च्युइंगमधलं सॉर्बिटॉल. ही लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात गेली की जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस करतात. यात विशेष काही नाही. गॅस शेजाऱ्याच्या पोटातही होतो, फक्त त्याचं आतडं ते मनावर घेत नाही. आपल्या आतड्याच्या नसा मात्र साध्या ताणालाही बोंब ठोकतात. आयबीएसचं अर्धं मर्म या हळवेपणात आहे, म्हणून तर दुर्बिणीला काही दिसत नाही.

आहार तीन टप्प्यांचा. पहिल्यात २ ते ६ आठवडे हे सगळं बंद. गव्हावर फुली मारण्याआधी सीलिअॅकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी उरकून घ्यावी. ती तपासणी ज्या प्रतिपिंडांचा शोध घेते, ती गहू सोडल्यावर ओसरतात आणि मग रिपोर्ट पुन्हा एकदा नॉर्मल येतो. नॉर्मल रिपोर्टांची आपल्याला काय कमी आहे?

पहिला टप्पा लागू पडला तर पोट शांत होतं, आणि इथेच घोळ होतो. माणूस इतका खूश होतो की जन्मभर तिथेच तंबू ठोकतो. भात, गाजर, बटाटा, अंडी, पुन्हा भात. पण ज्या कर्बोदकांना आपण हाकललं, तीच आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य असतात. सहा आठवड्यांत फरक पडला नाही, तर दोष फॉडमॅपचा नाही असं समजून नेहमीचं जेवण सुरू करावं. चिकाटी दाखवण्याची ही जागा नव्हे.

दुसरा टप्पा म्हणजे एकेका गटाला परत बोलावणं. बाकीचं जेवण पहिल्या टप्प्यातलंच ठेवायचं आणि एका गटाचा एकच पदार्थ तीन दिवस घ्यायचा, रोज वाढत्या प्रमाणात. दुधाचं उदाहरण घ्या: पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक. मध्येच पोटाने आवाज दिला तर तिथेच थांबायचं. मग दोन-तीन दिवस विश्रांती, त्यानंतर पुढचा गट. गहू, कांदा आणि लसूण तिघेही फ्रुक्टानचे, तरी त्यांची चाचणी वेगवेगळी, कारण एकाचा त्रास होतो म्हणून दुसऱ्याचा तेवढाच होईल असं नाही. दुधाची चाचणी आइस्क्रीमवर घेऊ नये, त्यातली चरबी स्वतंत्रपणे गोंधळ घालते. गव्हाची चाचणी लसूण लावलेल्या पावावर घेणारे तर थोरच. आणि नोकरीच्या मुलाखतीच्या सकाळी कसलीच चाचणी घेऊ नये, त्या दिवशी पाण्यानेही कळ येते.

आपण नेहमी शेवटच्या घासाला दोष देतो, तोही चुकीचा. आंबवण्याचं काम मोठ्या आतड्यात होतं, तिथवर पोहोचायला काही तास जातात. रात्रीच्या निरपराध भाताच्या नावावर दुपारचा राजमा खपून जातो. म्हणून वही हवी: काय, किती, किती वाजता, झोप, ताण, पाळीचे दिवस, आणि ब्रिस्टलचा आकडा. वही कुठेही उघडी टाकू नये, एवढी सूचना पुरे.

लसणाशिवाय ज्यांना जगणं नकोसं होतं त्यांच्यासाठी एक पळवाट आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर वास मागे राहतो आणि त्रास पाकळीबरोबर जातो. पण रस्सा उकळून पाकळी काढली तर उपयोग शून्य, फ्रुक्टान तोवर रश्श्यात उतरलेलं असतं. घरी केलेलं लसणाचं तेल बाहेर साठवूही नये, त्यात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. लागेल तेवढंच, ताजं करावं. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. केळंसुद्धा कच्चट बरं, फार पिकलं की त्यातलं फ्रुक्टान वाढतं.

यानंतर 'फायबर खा' म्हणणारे येतात. कुठलं, ते सांगत नाहीत. गव्हाचा कोंडा पुष्कळांना फुगवतो. इसबगोल बहुतेकांना मानवतं, कारण ते पाणी धरून मऊ गोळा बनतं आणि जुलाब व बद्धकोष्ठ दोन्हीकडे उपयोगी पडतं. सुरुवात एका छोट्या चमच्याने, पेलाभर पाण्यात, आणि ढवळल्या ढवळल्या पिऊन टाकायचं. फोन घ्यायला गेलात तर परत येईपर्यंत पेल्यात खळ तयार असते. प्रमाण आठवड्या-आठवड्याने वाढवावं, बाकी औषधांपासून दोन तास लांब ठेवावं. सुरुवातीला गॅस वाढतो, तेवढ्यावरून त्याला हाकलून देऊ नये. पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलने मुरडा कमी होतो, पण ती चावायची नाही. तिचं वेष्टण आतड्यात विरघळण्यासाठी असतं, वरच फुटलं तर छातीत जळजळ.

सकाळचा कार्यक्रमही शास्त्राने बसवता येतो. पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं आणि ही ओढ सकाळी जोरात असते. चहा-कॉफी त्याला आणखी ढकलते. बद्धकोष्ठवाल्यांनी नाश्त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत जाऊन बसावं, जुलाबवाल्यांनी त्याच वेळी घराबाहेर पडायचं टाळावं. कमोडवर पायाखाली छोटं स्टूल घेतलं की गुडघे कमरेच्या वर येतात, गुदाशयाला विळखा घालणारा स्नायू सैल होतो आणि वाट सरळ होते. दहा मिनिटांत काही घडलं नाही तर उठावं. फोन आत नेणाऱ्याला दहा मिनिटं कधी संपतात ते कळत नाही, पण बाहेर ताटकळणाऱ्याला नेमकं कळतं.

'टेन्शन घेऊ नकोस' या सल्ल्याने आजवर कुणाचं पोट सुधारल्याचं मी ऐकलेलं नाही. आतडं आणि मेंदू यांच्यातली तार दोन्हीकडून वाजते, हे मात्र खरं. १९८४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी आयबीएसच्या रुग्णांवर संमोहनाचा प्रयोग केला आणि त्यांना बरं वाटलं. पोटासाठीचं असं संमोहन आजही दिलं जातं. ते जमलं नाही तर आठवड्यातून तीन ते पाच दिवस, घाम येईल इतकं भरभर चालावं. जेवणाच्या वेळा चुकवू नयेत.

राहता राहिला तिसरा टप्पा, म्हणजे हे सगळं सांभाळून माणसांत जाऊन जेवणं. यजमान आपुलकीने विचारतात, "कांदा चालतो ना तुम्हाला?" याला 'हो' म्हणणं खोटं आणि 'नाही' म्हणणंही खोटं. खरं उत्तर असं: एक मोठा चमचा चालतो, त्याच जेवणात गहू आणि राजमा नसेल तर. कारण चालणाऱ्या तीन गोष्टी एका ताटात आल्या की बेरीज होऊन न चालणारी एक तयार होते. शिवाय काल झोप नीट झालेली असेल तर, आणि दुधाची चाचणी संपून दोन दिवस उलटले असतील तर. हे सांगून मान वर करावी, तोवर वाढणारा पुढच्या पानापाशी पोहोचलेला असतो आणि आपल्या ताटात कांदा पडलेला असतो.