फोटू कोठे काढतस?

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. मनगट सुजलं होतं. मावशी अमळनेरकडची, शाळेचं तोंड न पाहिलेली. डॉक्टरांनी तपासून एक्स-रे काढून आणायला सांगितलं. मी औषधाच्या रांगेत थांबलो, ती पुढे गेली. अर्ध्या तासाने शोधत गेलो तर जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली, सुजलेला हात मांडीवर धरून.

"चार जणस्ले इचारं बेटा, फोटू कोठे काढतस. बठ्ठा म्हणतस, पाटी वाचा."

पाटी डोक्यावरच होती. 'क्ष-किरण विभाग' आणि वर टोक असलेला बाण. कुणीतरी तिला बाणाच्या दिशेने जायला सांगितलं. बाणाचं म्हणणं होतं 'सरळ जा', पण पाटी जिन्यापाशी, म्हणून मावशी दोन मजले चढली आणि उतरली. खोली तळमजल्यावरच होती.

मला त्या दिवशी फार राग आला. क्ष-किरण हा शब्द चुकीचा नाही, पण धुळ्यापासून रावेरपर्यंत माणसं 'फोटो काढायचा' असंच म्हणतात. पाटीवर 'एक्स-रे, फोटो' लिहून शेजारी पंजाच्या हाडांचं चित्र काढलं असतं, तर तिला कुणाला विचारावं लागलं नसतं.

हीच मावशी दर निवडणुकीत एकटी मतदान करून येते. तिथे तिला कुणी काही सांगत नाही, सांगावं लागतही नाही. चिन्ह बघते, बटण दाबते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावलं. 'आधी लिहायला-वाचायला शिका, मग या' अशी अट घातली नाही. तिकडे मेक्सिको शहरात १९६९ साली मेट्रो सुरू झाली, तेव्हा प्रत्येक स्टेशनला नावाबरोबर एक चित्र दिलं. न वाचणारा माणूसही चित्र बघून उतरतो. मतदान केंद्रावर मावशी कुणाची मिंधी नसते, आणि दवाखान्यात तीच बाई दारोदार विचारत फिरते, हे मला सहन होत नाही.

चांगलं काम आपल्या डोळ्यांसमोर आहे. भुसावळ किंवा जळगाव स्टेशनची पाटी बघा. पिवळ्यावर काळी ठसठशीत अक्षरं, प्लॅटफॉर्मच्या दोन्ही टोकांना मोठी आणि मधेमधे खांबांवर छोटी. गाडी पहाटे शिरली तरी झोपेतून उठलेल्या माणसाला खिडकीतून गाव कळतं. हायवेचे दगडही तसेच. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्ग, हिरव्या डोक्याचा राज्य मार्ग. वडिलांच्या मोटरसायकलवर पारोळा-एरंडोल करत मी अंक असेच वाचायला शिकलो.

आता त्याच रस्त्यांवर दिशा दाखवणाऱ्या पाट्यांवर वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात. चोपड्याकडे वळायचं की पुढे जायचं, हे एका हसऱ्या चेहऱ्यामागे झाकलेलं असतं. रात्री रुग्ण घेऊन निघालेल्या अनोळखी ड्रायव्हरचं काय होत असेल?

माझं मत असं, की पाटी लावण्याआधी तिथे कधीच न आलेल्या एका माणसाला गेटपासून चालायला लावावं आणि गुपचूप मागे जावं. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेला, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारा माणूस असेल तर उत्तम. तो जिथे थबकेल, तिथे पाटी हवी. बहुतेक ठिकाणी पाटी जिथे भिंत मोकळी असते तिथे लागते.

शेवटी आम्ही त्या खोलीपाशी पोहोचलो. दारावर वहीचा कागद चिकटवलेला, स्केचपेनने काढलेला पंजा आणि खाली 'फोटो इथे काढतात'. आतल्याच कुणीतरी कळवळ्याने काढला असणार. मावशीने पंजा बघितला आणि मला न विचारता आत गेली. पण तो कागद होता दारावर, म्हणजे पोहोचलेल्यांसाठी. तसाच एक जिन्यापाशी लावा आणि बाण आडवा करा, असा अर्ज मी निघताना कार्यालयात दिला. पोच घेतली आहे. सोमवारी पुन्हा जाऊन बघणार आहे.