सव्वा लाखाचा भागाकार

एक मेसेज गावच्या ग्रुपवर आला, तालुक्याच्या ग्रुपवर आला आणि परवा चौथीतल्या एका मुलीच्या वडिलांनी थेट मलाच पाठवला. खाली विचारलं होतं, "सर, हे खरं का?"

मेसेज थोडक्यात असा: जिल्हा परिषदेच्या शाळेत एका पोरामागे सरकार वर्षाला सव्वा लाख उडवतं. तेवढ्यात चांगल्या इंग्रजी शाळेची फी भरून पैसे उरतील. वीसच्या आत पट असलेल्या शाळा बंद करा, पोरांना गाडी द्या आणि फीचे पैसे पालकांच्या खात्यात टाका. आमदारांनी अधिवेशनात याचा हिशोब मागितलाच पाहिजे.

शेवटचं वाक्य मला पूर्ण मान्य आहे. हिशोब मागाच. पण आधी सव्वा लाखाचं बघू, कारण तो आकडा साफ खोटा नाही, आणि म्हणूनच तो पटकन गळी उतरतो.

मी द्विशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. म्हणजे मुख्याध्यापकाचं काम सांभाळून दोन वर्ग शिकवणारा शिक्षक. पट चौदा. आम्हा दोघांचे पगार मिळून महिन्याला १ लाख ४६ हजार धरा. वर्षाचे झाले १७ लाख ५२ हजार. भागिले चौदा, आला सव्वा लाख. आता शिक्षण हक्क कायदा काढा. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं त्याच्या परिशिष्टातच आहे. म्हणजे उद्या माझ्याकडे साठ मुलं आली तरी शिक्षक दोनच आणि पगारही तेवढाच. भागाकार मात्र २९,२०० वर येतो. शाळा तीच, मास्तर तेच, फळाही तोच. चौदा मुलं असली की उधळपट्टी आणि साठ झाली की काटकसर, असा हा हिशोब आहे. मूल शाळा सोडून गेलं म्हणून त्याच्या नावचे सव्वा लाख तिजोरीत परत जात नाहीत. उरलेल्या तेरांचा 'खर्च' तेवढा वाढतो.

शाळाच बंद केली तर? तर आमचं समायोजन होईल आणि आम्ही दुसऱ्या शाळेतल्या रिक्त जागेवर जाऊ. त्या जागेवरची भरती वाचेल, तेवढी बचत खरी. ती नाकारण्यात अर्थ नाही.

पण शाळेच्या हातात प्रत्यक्ष काय पडतं, हे मेसेज लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं दिसत नाही. समग्र शिक्षा अभियान या केंद्र आणि राज्याच्या योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला त्याचा निकष आहे १०,००० रुपये. चौदा मुलांत वाटले तर माणशी ७१४. यातच वीजबिल, खडू, हजेरीपट, झाडू-फिनाईल, नळाची तोटी, दाराची कडी. शिवाय किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. एका वर्षी बोअरची मोटर जळाली. नुसतं वाइंडिंगच ३,२०० रुपयांचं झालं. उरलेल्या पैशांत वर्ष कसं काढलं ते विचारू नका, गावातल्या एका पालकाने वीजबिल भरलं.

आणि हे पैसे येतात कधी? एका वर्षी पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे ज्यावरून येतात त्या ऑनलाइन प्रणालीवर, आमची खर्चाची लिमिट पडली २६ मार्चला. ३१ तारखेला शिल्लक शून्य होणार. मधे एक रविवार. दुकानदाराचं जीएसटी बिल, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, अध्यक्षांची सही, आणि अध्यक्ष ऊसतोडीला गेलेले. ४,१७० रुपये खर्चायचे राहिले आणि गेले परत. पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप आला: निधी अखर्चित का ठेवला? मी खुलासा लिहून दिला. तो कोणी वाचला असेल, असं वाटत नाही.

आता फीचा मुद्दा. सरकारने मुलाची फी भरायची आणि मूल खासगी शाळेत शिकायचं, हा प्रयोग नवा नाहीच. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागा म्हणजे तेच. त्यासाठी महाराष्ट्राने ठरवलेला दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. २०२०-२१ साली कोरोनाच्या नावाखाली तो ८,००० वर आणला होता. सव्वा लाखाच्या गप्पा कुठे आणि हे कुठे! तेवढेही पैसे वेळेवर मिळत नाहीत, म्हणून संस्थाचालक दरवर्षी ओरडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारने अधिसूचनाच काढली, की ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. खासगी शाळांची फी भरायला तिजोरी किती उत्सुक आहे, ते यातून दिसतंच. आमच्या वस्तीपासून पायी जाता येईल अशी खासगी शाळा नाहीच, हा तर वेगळाच भाग.

राहिली गाडी. २०२३ मध्ये समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा, विषय निघाला, तेव्हा वीसच्या आत पटाच्या १४,७८३ शाळा आणि त्यांतली सुमारे १ लाख ८५ हजार मुलं, असे आकडे सरकारकडूनच आले होते. यांतल्या बऱ्याच शाळा वाड्या-वस्त्या, पाडे आणि तांड्यांवरच्या. समग्र शिक्षामध्ये वाहतूक भत्त्याची कमाल मर्यादा मुलामागे वर्षाला ६,००० रुपये. पहिली ते पाचवीला शाळा भरायची किमान २०० दिवस. म्हणजे दिवसाला तीस रुपये, जाऊन-येऊन. पावसाळ्यात आमच्या ओढ्याला पाणी आलं की दूधवालाही वर येत नाही. तीस रुपयांत पहिलीची पोरगी कोण नेणार? आणि गाडी आली नाही, तर त्या दिवशी तिची शाळा बुडते. असे दिवस साठले की आई म्हणते, राहू दे, धाकट्याला सांभाळ.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा अशीच पटाअभावी बंद पडायच्या बेतात होती. २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेत तिने लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळवला. सगळ्या शाळा अशा होतील, असं मी म्हणत नाही. पण वीसचा नियम लावला असता, तर हीही गेली असती.

म्हणून हिशोब मागाच. विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्हा परिषदांचे लेखापरीक्षा अहवाल तपासते, दौऱ्यावर येते, शाळाही बघते. आमदारसाहेब, पोषण आहाराची चव घ्या, मुलांना पाढे विचारा, आमचीही उलटतपासणी घ्या. भागाकार मात्र पगार बाजूला काढून करा, आणि पैसे मंजूर कधी झाले, पोचले कधी, हे शेजारी-शेजारी लिहून मागा. आमच्याकडे आलात, तर लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या कापडी बांधणीची किर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, आहे. मार्चचं पान उघडा.