माझा मासा सुटलाच नाही

मी मालवणचा. आमच्या घराण्यात आजवर कुणी मासा सोडलेला नाही. सुटला तो मांजराच्या तोंडी. अशा माणसाकडून चीनमध्ये मासा सोडायचे पैसे घेतले गेले. दोनदा!

शांघायजवळचं झूजियाजियाव. कालवे, होड्या, लाल कंदील, आणि थेट मेट्रो असल्यामुळे अर्धं शांघाय तिथेच. गल्लीत पानात बांधलेला चिकट भात दिसला. पातोळीची बहीण असावी म्हणून हावरटासारखा उघडला, तर आत डुक्कर. असो.

पुढे फांगशेंग पूल. 1571 साली एका भिक्षूने उभारलेला, पाच कमानींचा. नावाचा अर्थच 'जीव सोडून देणं'. याच्याखाली मासे धरायचे नाहीत, सोडायचे, असा त्याचा दंडक सांगतात. पायथ्याशी एक बाई परातभर सोनेरी मासे घेऊन बसलेली. मी नुसतं बघितलं. बघितलं म्हणजे घेतलं! पाणी भरलेली पिशवी हातात, दहा युआन गायब.

पायरीवरून पिशवी उपडी केली आणि बाई कडाडली. तिकडे मावशीला 'आयी' म्हणतात. त्या क्षणी ती आमच्या आईसारखीच ओरडत होती. मासा वरून टाकायचा नसतो, वाकून सोडायचा असतो, हे हातवाऱ्यांवरून कळलं. पाचपन्नास लोक मोबाइल काढून उभे. मासाही नतद्रष्ट, पायरीपाशीच घोटाळत राहिला. बाईने सरळ ओंजळीत उचलला आणि परातीत टाकला!

"अहो, पण तो माझा आहे," मी मराठीत म्हणालो. तिने भाषांतराचा फोन पुढे केला. फोन हिंदीत म्हणाला, "मछली आपको नहीं पहचानती।"

यावर काय बोलणार? बांगडाही कधी मला ओळखून ताटात आलेला नाही. मी दहा युआन परत मागितले, तर फोनला अचानक हिंदी कळेना. पैसे घेताना बरी कळत होती.

"अहो, चारचौघांत काय हे," म्हणत बायकोने आणखी दहा युआन काढले. ती पायरीवर बसली, पिशवी अलगद पाण्यात कलती केली. तोच मासा, शेपटीवर पांढरा ठिपका असलेला, मागे न बघता सुळकन गेला. टाळ्या पडल्या. आयीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

घरी आल्यापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला ते पुण्य सांगत असते. माझे दहा युआन कुठल्या खात्यात जमा झाले, ते कुणी विचारत नाही.