झाकलं झाकण सव्वा लाखाचं

जुनी गाडी घेताना इंजिन ऑइलचं झाकण फिरवून आत डोकवायचं नसतं. रंग बघावा, म्युझिक सिस्टिम लावून बघावी, दार आपटून "आवाज भारदस्त आहे" म्हणावं आणि गाडी घरी आणावी. तुम्ही इथवर सगळं बरोबर केलंत. मग तिसऱ्या दिवशी काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, झाकण उघडलंत. आत डांबर!

आधी ऑइलच्या त्या घट्ट, काळ्या गाळाचा मान राखा. तो एका रात्रीत तयार होत नाही, मागच्या मालकानं त्यासाठी वर्षानुवर्षं कष्ट घेतलेत. रोज दोन-तीन किलोमीटर जायचं आणि इंजिन धड तापायच्या आत बंद करायचं. म्हणजे ज्वलनातली वाफ आतच थंड होते, तिचं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि सोबतीला न जळलेलं थोडं पेट्रोलही. ऑइल बदलायचं नाही, कमी झालं की वरून ओतायचं. इंजिनच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली वाफ बाहेर खेचणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तर सोन्याहून पिवळं. "गाडी फारशी चाललेलीच नाही हो," असं तो कौतुकानं सांगत होता ना? अगदी खरं सांगत होता.

आता सफाई. सर्वांत सोपा उपाय म्हणजे रॉकेल. रॉकेलनं सायकलची चेन निघते, हात निघतात, मग इंजिन का निघू नये? ओता आणि दणकून रेस द्या. क्रँक, म्हणजे इंजिनचा फिरता दांडा, आणि त्याच्या बेअरिंगच्या मध्ये केसाहून पातळ असा ऑइलचा थर असतो, सगळा भार तोच पेलतो आणि रॉकेलनं तो पार पाणचट होतो, असं म्हणतात खरं. पण बाहेरून दिसतं का काही? नाही ना. मग झालं तर.

रॉकेलचा वास सोसत नसेल तर फ्लशची, म्हणजे इंजिन आतून धुणाऱ्या औषधाची बाटली आणा. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की जुन्या ऑइलमध्ये मिसळा, इंजिन ठरावीक मिनिटं नुसतं आयडलवर ठेवा, गाडी चालवू नका, लगेच ऑइल काढून टाका. लिहिणारे भित्रे असतात. तुम्ही दोन बाटल्या रिचवा आणि हायवेला लागा. इतकी वर्षं मुकाट चिकटून बसलेला गाळ मग खपल्याखपल्यांनी सुटेल आणि ऑइलबरोबर खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत जाईल. तिथे ऑइल पंपाची जाळी आहे. खपल्या तिच्यावर जाऊन बसतील. फिल्टर कशासाठी आहे, असं विचारू नका. फिल्टर पंपाच्या पुढे असतो. जाळीतून जे वर आलं ते त्यानं गाळायचं. वर काही आलंच नाही तर तो बिचारा काय करणार?

यथावकाश डॅशबोर्डवर ऑइलच्या दिव्याची लाल बुधली पेटेल. डिपस्टिक काढा, पातळी अगदी खुणेपाशी असेल, म्हणजे दिवाच बिघडलाय. तो पातळीचा नसून दाबाचा असतो वगैरे तपशिलात शिरू नका. वरून टॅपेट, म्हणजे इंजिनच्या झडपा हलवणारे भाग, खडखडायला लागले, तर म्युझिक सिस्टिम कशासाठी घेतलीत?

एखादा तिरसट मेकॅनिक तुम्हाला गाठेलच. चेंबर उतरवू, जाळी हातानं धुऊ, टॅपेट कव्हर काढून गाळ पुसून घेऊ, तो पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलू, म्हणेल. मग चांगलं ऑइल घालायचं आणि हजार-दीड हजार किलोमीटरला फिल्टरसकट बदलायचं, असं तीन-चार वेळा. ऑइलमधले डिटर्जंट उरलेला गाळ सावकाश काढतील. नवं ऑइल लवकर काळं पडलं तर हा माणूस चक्क खूश होतो. झाकणाखाली पांढरट फेस दिसला, तर आधी कूलंट कमी होतंय का ते बघत बसतो, कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणाऱ्या हेड गॅस्केटची शंका काढतो. इतका वेळ कुणाला आहे? दहा वर्षांचं साठलेलं दहा मिनिटांत निघालंच पाहिजे.

आणि समजा, इंजिन जाम झालंच, तरी खचू नका. आता चेंबर उतरेल, हेड उतरेल, क्रँक बाहेर येईल, पिस्टन बाकावर ओळीनं मांडले जातील. जी जाळी धुवायला तुम्हाला एक दुपार काढवत नव्हती, ती कुणीतरी आपण होऊन तुमच्या हातात आणून ठेवेल. ब्रश घ्या. रॉकेल उरलंच असेल थोडं.