निधनाची बातमी आणि दुजोरा

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले यांच्या निधनाची बातमी सगळीकडे झळकली. हिंदी चित्रपटसृष्टीतल्या नामवंतांनी श्रद्धांजली वाहिली आणि त्या ट्वीटच्याही बातम्या झाल्या. गोखले तेव्हा पुण्यात रुग्णालयात होते. अत्यवस्थ होते, पण हयात होते. नवऱ्याच्या आजारपणाच्या त्या घालमेलीत त्यांच्या पत्नीला माध्यमांकडे खुलासा करावा लागला. निधन झालं २६ नोव्हेंबरला. तीन वर्षांनी धर्मेंद्र यांच्या बाबतीत तेच. ११ नोव्हेंबर २०२५ ला बातमी, लगोलग हेमामालिनी आणि ईशा देओल यांचा खुलासा, आणि प्रत्यक्ष निधन २४ तारखेला.

हे अपघाताने होत नाही. बातम्यांच्या पोर्टलवरच्या ऑनलाइन डेस्कच्या कामाची रीतच अशी झाली आहे की हे पुन्हा होणार.

कोणी ज्येष्ठ व्यक्ती रुग्णालयात दाखल झाली की मृत्युलेख तयार ठेवतात. यात गैर काही नाही, छापील पेपरातही ठेवत. फरक असा, की पेपरात पान सोडायची वेळ ठरलेली असे आणि तोवर फोन करायला अवधी मिळे. आता कारकीर्द, पुरस्कार, फोटो असं सगळं सीएमएसमध्ये, म्हणजे बातम्या प्रसिद्ध करायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ड्राफ्ट म्हणून पडलेलं असतं. रात्रपाळीला मोजकी माणसं. दुसऱ्या पोर्टलचं नोटिफिकेशन येतं आणि ग्रुपवर वरिष्ठांचा मेसेज पडतो, ‘त्यांनी दिली, आपली कुठंय?’ मग दोन ओळींची ब्रेकिंग सुटते, मागून सविस्तर कॉपी.

पाच पोर्टलांनी दिली म्हणजे पाच सूत्रं झाली, हा इथला सर्वांत घातक समज. पाचही जणांनी एकच ट्वीट उचललेलं असतं. ट्वीट करणाऱ्या कलाकारानेही ते कुठल्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाचलेलं असू शकतं. अधिकृत खात्यावरची पोस्टही पुरेशी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पूनम पांडे यांच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम खात्यावरूनच त्यांच्या मृत्यूची पोस्ट आली आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतः व्हिडिओत दिसल्या.

दुजोरा म्हणजे दोन फोन. एक रुग्णालयात, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा जनसंपर्क अधिकाऱ्याला. दुसरा पती, पत्नी, मुलं किंवा कुटुंबाने बोलायला नेमलेल्या माणसाला. रिसेप्शन, ड्रायव्हर, ‘निकटवर्तीय’ धरायचे नाहीत. अपघात किंवा घातपात असेल तर पोलिस ठाण्याचा अधिकारीही हवा. प्रश्न स्पष्ट विचारायचा: मृत्यू किती वाजता झाला, कोणत्या डॉक्टरांनी घोषित केला, तुमच्या नावाने देऊ का? ‘व्हेंटिलेटरवर आहेत’, ‘प्रतिसाद देत नाहीत’, ‘आता काही आशा नाही’ यांतलं एकही वाक्य मृत्यूची बातमी नाही. गडबड बहुतेक वेळा इथेच होते. समोरचा हताश होऊन बोलतो आणि ऐकणारा पुढचा अर्थ स्वतःच लावतो. दुजोरा मिळेपर्यंत ‘प्रकृती चिंताजनक’ एवढंच, सांगणाऱ्याचं नाव आणि वेळ घालून द्यावं. दहा मिनिटं उशीर झाला म्हणून वाचकाचं काहीही बिघडत नाही.

चूक झाल्यावर जे होतं त्याची मला जास्त चीड येते. गुपचूप मथळा बदलतात, नाहीतर पानच उडवतात. पान उडवलं की आधी फिरलेल्या लिंकवर काहीच उघडत नाही आणि खरं काय ते वाचकापर्यंत पोचत नाही. मथळा बदलला तरी व्हॉट्सअॅपवर पाठवून झालेल्या मेसेजमधला जुना मथळा आणि फोटो तसाच राहतो. फोनवर वाचून झालेलं नोटिफिकेशन परत घेता येत नाही. यूआरएलमध्ये, म्हणजे पानाच्या वेबपत्त्यात, ‘पासेस अवे’ (निधन) उरतंच.

म्हणून पान ठेवायचं, मथळा बदलायचा आणि पहिल्याच ओळीत लिहायचं: अमुक वाजता आम्ही निधनाचं वृत्त दिलं होतं, ते चुकीचं होतं, कुटुंबीयांची दिलगिरी. यूआरएल नवा करून जुन्यावरून ३०१ रीडायरेक्ट लावायचा, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर जातो. फेसबुकच्या शेअरिंग डिबगर या टूलमध्ये लिंक पुन्हा स्क्रेप करायची, म्हणजे फेसबुकला पान नव्याने वाचायला लावायचं; मग तिथे नव्याने शेअर करताना जुना प्रिव्ह्यू येत नाही. यूट्यूबचा व्हिडिओ, इन्स्टाचं कार्ड आणि बातम्या गोळा करणाऱ्या अॅप्सकडे गेलेली कॉपी वेगवेगळी बघावी लागते, ती आपोआप सुधारत नाही. आणि ज्यांना चुकीचं नोटिफिकेशन गेलं, त्या सगळ्यांना दुरुस्तीचंही जायलाच हवं. नेमकं हेच टाळतात, कारण त्यात चूक जाहीर होते.

रात्रपाळीच्या उपसंपादकाला मेमो देऊन हे सुटणार नाही, घाई वरून येते. मृत्युलेखाच्या ड्राफ्टला सीएमएसमध्ये दोन सक्तीच्या चौकटी असाव्यात: दुजोरा कोणी दिला, किती वाजता. त्या रिकाम्या असतील तर प्रसिद्ध करायचं बटण चालूच होऊ नये, आणि भरल्यावरही ते वृत्तसंपादकाच्याच लॉगिनने दाबलं जावं. तांत्रिकदृष्ट्या हे फार मोठं काम नाही. पोर्टल चालवणाऱ्यांनी ते आपल्या डेव्हलपरला आजच सांगावं.