खांद्यावरील टेपविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

आदरणीय पालक,

आमच्या क्लिनिकला दोन तारे देताना आपण लिहिलेला सविस्तर अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. मुलीच्या दुखऱ्या खांद्यावर लावलेली लवचिक, चिकट टेप तिसऱ्या दिवशी सुटली, आठवडाभरात दुखणे पुन्हा सुरू झाले, जिल्हास्तरीय जलतरण स्पर्धेत पंचांनी टेप काढायला लावली आणि बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पट्टीसाठी आम्ही अवाजवी फी घेतली, असे आपले म्हणणे आहे. तिच्या तपासणीचे तपशील सर्वांसमोर मांडणे मला उचित वाटत नाही. म्हणून आपण स्वतः लिहिले आहे तेवढ्यापुरते, आणि पोहणाऱ्या मुलांच्या खांद्याविषयी सर्वसाधारणपणे, मी हे उत्तर देत आहे.

दुखणे परत आले, हा आपला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. ही लवचिक टेप जपानमधील केंझो कासे यांनी १९७०च्या दशकात विकसित केली आणि २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेची बीच व्हॉलीबॉलपटू केरी वॉल्श हिच्या खांद्यावर दिसल्यानंतर ती जगभर पोहोचली. तेव्हापासून अनेकांच्या मनात टेप म्हणजेच उपचार असे समीकरण तयार झाले आहे, पण अभ्यासांतून तसे दिसत नाही. २००८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खांदा दुखणाऱ्या ४२ विद्यार्थ्यांपैकी काहींना योग्य पद्धतीने, तर काहींना केवळ दिखाऊ पद्धतीने टेप लावण्यात आली. योग्य पद्धतीने टेप लावलेल्यांना हात बाजूने जेवढा न दुखता वर नेता येत होता, त्यात लगेच सुमारे १७ अंशांची वाढ झाली. परंतु तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. २०२१ मध्ये वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने खांद्याच्या स्नायुबंधांच्या (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) दुखण्यावरील २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही टेपचा लाभ खात्रीने सांगता येईल एवढा पुरावा हाती लागला नाही.

मग आम्ही टेप लावतोच कशासाठी, असे आपण विचाराल. दुखऱ्या खांद्याचे मूल हात उचलायलाच घाबरते आणि भीतीपोटी खांदा आखडून धरते. टेपमुळे काही जणांना तेवढ्या काळापुरता आराम वाटतो आणि त्या आरामात व्यायाम सुरू करता येतो. माझ्या लेखी टेपचे काम इतकेच आहे. पहिल्या भेटीत मिळालेल्या कागदावर व्यायाम आधी आणि टेप सर्वांत शेवटी लिहिलेली आहे, ती याच कारणाने.

खरे दुखणे कुठून येते, ते पाहू. फ्रीस्टाइलमध्ये शरीर पुढे नेण्याचे बहुतेक काम हातांचे असते आणि एका सरावात खांदा शेकडो वेळा तेच वळण घेतो. फऱ्याच्या (खांद्यामागच्या चपट्या) हाडाला छातीच्या पिंजऱ्याशी धरून फिरवणारा स्नायू आणि फऱ्याच्या आतल्या बाजूचा, दंड आत वळवणारा स्नायू, या दोघांना संपूर्ण स्ट्रोकभर विश्रांती अशी मिळतच नाही. ते थकले की फरा वेळेवर वर फिरत नाही, दंडाचे हाड खोबणीत नीट मध्यभागी राहत नाही आणि वरच्या स्नायुबंधावर ताण येत राहतो. त्यात हात पाण्यात घालताना तो डोक्याच्या मध्यरेषेपलीकडे जात असेल, श्वास नेहमी एकाच बाजूने घेतला जात असेल, किंवा स्पर्धा जवळ आली म्हणून हातांना पॅडल (पाणी जोरात ढकलण्यासाठी तळहातावर बांधायच्या चपट्या पट्ट्या) लावून अंतर एकदम वाढवले असेल, तर दुखणे बळावते. त्वचेवर चिकटवलेली पट्टी यातले काहीही बदलू शकत नाही. म्हणूनच पॅडल आणि बटरफ्लाय काही काळ बंद ठेवायला, एकूण अंतर कमी करायला आणि रबर बँडचे व्यायाम रोज करायला आम्ही सांगतो. ‘पोहणे कमी करायला सांगणे हा काय उपचार झाला,’ असे आपण लिहिले आहे. स्पर्धेच्या हंगामात हा सल्ला किती जड जातो याची मला पूर्ण जाणीव आहे, तरीही वाढत्या वयातल्या खांद्यासाठी याहून महत्त्वाचा उपचार माझ्याकडे नाही. टेप लावून दुखणे दाबायचे आणि तेवढेच लॅप मारत राहायचे, याला मी कधीही संमती देणार नाही. प्रशिक्षकांनी आग्रह धरला तरीही नाही.

स्पर्धेत टेप काढावी लागल्याने मुलीला ऐनवेळी किती अस्वस्थ वाटले असेल, हे मी समजू शकते. पंचांनी मात्र नियमाचेच पालन केले. जागतिक जलक्रीडा महासंघाच्या नियमांनुसार त्यांच्या क्रीडावैद्यक समितीच्या मान्यतेशिवाय शरीरावर कोणत्याही प्रकारची टेप लावून शर्यतीत उतरता येत नाही. आमच्या सूचनापत्रात ‘टेप फक्त सरावापुरती’ असे लिहिलेले असते. टेपशिवाय शर्यत पोहता येत नसेल, तर त्या दिवशी त्या खांद्याने शर्यत पोहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेप सुटण्याविषयी थोडक्यात सांगते. ती साधारण तीन ते पाच दिवस टिकते. रोज क्लोरीनच्या पाण्यात उतरणाऱ्यांच्या खांद्यावर त्याहून कमी. तिचा गोंद उष्णतेने पकडतो, त्यामुळे पाण्यात उतरण्याच्या किमान तासभर आधी ती कोरड्या, तेल वा लोशन न लावलेल्या त्वचेवर लावावी, हाताने चोळून बसवावी, टोके गोल कापावीत आणि शेवटचा भाग अजिबात न ताणता चिकटवावा. पोहून झाल्यावर ती टॉवेलने टिपावी, घासू नये. खाज किंवा लाली आली तर लगेच तेल लावून हळूहळू काढावी.

फीविषयी एवढेच, की ती पट्टीची किंमत नव्हती. तीत खांद्याची, फऱ्याची आणि मानेची तपासणी, ताकदीची मोजणी आणि व्यायाम शिकवणे यांचा समावेश होता. टेपची रक्कम पावतीवर वेगळी दाखवलेली आहे. आपण टेप बाहेरून विकत आणलीत तरी ती लावायची कशी, हे आम्ही आपल्याला आनंदाने शिकवू.

पुढच्या भेटीला येताना प्रशिक्षकांकडून गेल्या महिन्याच्या सरावाचा तक्ता आणावा, आणि शक्य असल्यास पाण्यात हात घालतानाचा समोरून व बाजूने काढलेला व्हिडिओही. प्रशिक्षक सोबत आले तर फारच उत्तम. अंतर कसे आणि किती टप्प्यांनी वाढवायचे ते आपण तिघे मिळून ठरवू. मधल्या काळात रात्री झोपमोड होईल इतके दुखले, हाताला मुंग्या आल्या, किंवा खांदा निसटतो आहे असे तिला वाटले, तर आमच्या भेटीची वाट न पाहता अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आपली,
फिजिओथेरपिस्ट व क्लिनिकची संचालिका