भावाचं काम ‘दोन वर्षांत’ करून देणाऱ्यांनो, थोडी तरी लाज बाळगा

‘बहीण अमेरिकेची सिटिझन आहे ना? मग भावाचं ग्रीन कार्ड दोन वर्षांत करून देतो.’ ठाण्यात आणि वाशीत व्हिसाची दुकानं मांडून बसलेले लोक आजही बिनदिक्कत हे सांगतात, आणि लोक एफडी मोडून त्यांना पैसे देतात. हे धादांत खोटं आहे.

भावंडासाठी अमेरिकेत एकच कॅटेगरी आहे, एफ-४. अर्ज करणारी व्यक्ती नागरिक हवी आणि २१ वर्षं पूर्ण झालेली हवी. नुसत्या ग्रीन कार्डवर, म्हणजे नागरिक न होता कायम राहण्याच्या परवान्यावर, भावंडाचा अर्ज होतच नाही. सगळ्या जगाला मिळून वर्षाला साधारण ६५,००० व्हिसा, त्यावर प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणून २०२५ मध्ये भारतीयांच्या रांगेत २००६ साली भरलेल्या अर्जांचा नंबर लागत होता. एकोणीस वर्षं! रांग कुठवर आली हे सांगणारं अमेरिकी सरकारचं दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन फुकट वाचायला मिळतं, पण ते गिऱ्हाइकाला दाखवलं तर धंदा कसा चालणार?

नातेवाइकासाठीचा हा अर्ज, म्हणजे आय-१३० फॉर्म, बहीण तिकडून स्वतः भरू शकते. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ६२५ डॉलर, कागदावर ६७५. त्याला प्रीमियम प्रोसेसिंग, म्हणजे जादा पैसे भरून लवकर निकाल मिळवायची सोय, नाही. अर्ज दाखल झाल्याची तारीख हीच रांगेतली जागा, आणि ती कुणाचाही बाप पुढे सरकवू शकत नाही.

‘अप्रूव्हल लवकर आणून देतो’ म्हणणारा तर नुकसानच करायला निघालेला असतो. नंबर लागेल तेव्हा भावाची मुलं २१ च्या आतली असतील तरच त्याच्याबरोबर जाऊ शकतात, आणि हे वय मोजताना आय-१३० जितका काळ मंजुरीविना पडून होता, तितका काळ वजा होतो. अर्ज भरताना पाच वर्षांचा असलेला मुलगा नंबर लागेपर्यंत २४ चा होतो. मंजुरीला आठ वर्षं लागली असतील तर हिशेबात तो १६ चा धरला जातो आणि आईवडिलांबरोबर जातो. मंजुरी दोन वर्षांत आली असेल तर २२ चा धरतात आणि तो इथेच राहतो.

आणि अर्ज भरून ठेवल्यावर भावाचा टूरिस्ट व्हिसा अवघड होतो, हे कोण सांगतं? त्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये सरळ प्रश्न असतो, तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का. ‘नाही’ लिहिलं तर खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमचा बसू शकतो, तरी ‘नाहीच लिहा’ असा सल्ला देणारे महाभाग आहेत!

भाऊ अविवाहित असेल तर एक जवळचा रस्ता असतो. बहिणीने आधी आईवडिलांना बोलवायचं, कारण नागरिकाच्या आईवडिलांना रांग नाही. मग ग्रीन कार्डवर ते मुलासाठी एफ-२बी, म्हणजे ग्रीन कार्डवाल्यांच्या सज्ञान, अविवाहित मुलांच्या कॅटेगरीत, अर्ज भरतात. ही रांग बरीच छोटी आहे. पण आईवडिलांना खरोखर तिकडे जाऊन राहावं लागतं, आणि ते नागरिक होण्याआधी मुलाने लग्न केलं की तो अर्ज तिथेच संपतो. घरात स्थळं बघायला सुरुवात होण्याआधी हे कळायला हवं, नंतर कळून काय उपयोग?

अमेरिका जमत नाही म्हटलं की ‘मग कॅनडा करू’. कॅनडात धडधाकट, कमावत्या भावंडाला सहसा स्पॉन्सर करताच येत नाही. गुणांवर निवड करणाऱ्या त्यांच्या एक्स्प्रेस एंट्रीत तिथे राहणाऱ्या सख्ख्या भावंडाचे १५ गुण मिळतात, बाकी शिक्षण, वय, इंग्रजी ज्याचं त्याचं. न्यूझीलंडने भावंडांची कॅटेगरी २०१२ मध्येच बंद केली. ऑस्ट्रेलियाच्या कुशल कामगारांसाठीच्या ४९१ व्हिसात भावंडाची स्पॉन्सरशिप चालते, पण स्पॉन्सर सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेनबाहेर राहणारा हवा आणि अर्जदार ४५ च्या आतला.

ज्या कामासाठी खरोखर पैसे घ्यावेत, ते काम मात्र हे लोक करत नाहीत. दोघं भावंडं आहेत हे दाखवायला दोघांच्या जन्मदाखल्यांवर आईवडिलांची नावं जुळायला हवीत. आपल्याकडे एकावर ‘सुमन’, दुसऱ्यावर ‘सुमनबाई’, तिसरीकडे मुलाच्या नावाची जागाच कोरी. बहिणीचं तर लग्नात पहिलं नावही बदललेलं, मग विवाहनोंदणी नाहीतर नाव बदलल्याचं सरकारी गॅझेट जोडा. नवी मुंबई महापालिका १९९२ ची, त्याआधीच्या नोंदी जुन्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधाव्या लागतात. नोंद नसेल तर तसा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लागतात. ही प्रतिज्ञापत्रं मामा, आत्या हयात असतानाच करून ठेवा. वीस वर्षांनी नंबर लागेल तेव्हा सही करायला कोण असणार आहे?